ट्रेब्लिंकाचा हिशेब

वॉर्साहून बिआविस्तोकला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर माउकिन्या हे जंक्शन लागतं. तिथून एक फाटा बुग नदी ओलांडून दक्षिणेकडे वळतो, आणि त्या फाट्यावर ट्रेब्लिंका नावाचं एक खेडेगावी स्टेशन आहे. रेताड जमीन, पाइनची राई, मधेच एखादं शेत. १९४१ च्या मे महिन्यात फ्रान्चिशेक झोंबेत्स्की हा पोलिश रेल्वे कर्मचारी तिथे गाड्यांची ये-जा सांभाळायला आला. पोलंड तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली होता आणि झोंबेत्स्की दोन धन्यांची चाकरी करत होता. उघडपणे जर्मन रेल्वेची, आणि गुपचूप पोलिश भूमिगत सेनेची. जर्मन फौजेच्या किती गाड्या कुठल्या दिशेने गेल्या, याची टिपणं वर पाठवणं हे त्याचं खरं काम.

१९४२ च्या जुलैमध्ये स्टेशनात तार आली. वॉर्साहून ट्रेब्लिंकाला ‘स्थलांतरितां’च्या गाड्या सुरू होत आहेत, प्रत्येक गाडीला ६० बंद वाघिणी असतील, रिकाम्या झाल्या की त्या परत पाठवायच्या. २३ जुलैला पहिली गाडी आली. वाघिणींच्या दारांवर खडूने आकडे लिहिलेले होते. १२०, १५०, काहींवर त्याहून मोठे. आत कोंबलेल्या माणसांचे ते आकडे. रानातल्या साइडिंगवर एका वेळी २० वाघिणी मावत, म्हणून गाडीचे तीन तुकडे करायचे आणि इंजिनाने एकेक तुकडा मागून ढकलत न्यायचा. काही वेळाने त्याच वाघिणी रिकाम्या परत यायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी. लष्करी वाहतूक टिपणाऱ्या झोंबेत्स्कीने खडूचे हे आकडेही टिपायला सुरुवात केली.

नाझी छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑश्विट्झ येतं. फाटक, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हातावर गोंदलेला नंबर. ऑश्विट्झमध्ये साधारण ११ लाख माणसं मारली गेली, आणि तरीही तिथून हजारो जिवंत बाहेर पडली. त्यांनी पुस्तकं लिहिली, साक्षी दिल्या, नातवंडांना गोष्टी सांगितल्या. ट्रेब्लिंकात नंबर गोंदत नसत. नंबर ज्याला द्यायचा तो निदान आठवडाभर तरी जगायला हवा. इथे वॉर्साहून सकाळी आलेली गाडी बहुधा दुपार व्हायच्या आत संपलेली असायची. १३ महिन्यांत जवळजवळ ऑश्विट्झइतकीच माणसं गिळणाऱ्या या जागेतून युद्ध संपेपर्यंत जगलेली माणसं शंभरही भरत नाहीत. म्हणून तर ट्रेब्लिंका आपल्याला फारसं ठाऊक नाही.

माणसांना छावणीत डांबण्याची कल्पना नाझींच्या आधीची आहे. १८९६ मध्ये क्युबातलं बंड मोडायला स्पेनच्या जनरल वायलरने खेडुतांना तटबंदीच्या गावांत कोंबलं. १९०० ते १९०२ या काळात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांची शेतं जाळली आणि बायकापोरांना तंबूंच्या छावण्यांत आणून ठेवलं. तिथे सुमारे २८,००० बोअर दगावले, त्यांत बहुतेक मुलं. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या आणि तिथले मृत्यू तर सरकारने धड मोजलेही नाहीत. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने तिथे जाऊन सगळं पाहिलं आणि विलायतेत परतून स्वतःच्याच सरकारची लाज चव्हाट्यावर मांडली. हिटलर सत्तेवर आल्यावर दोनच महिन्यांत, २२ मार्च १९३३ ला, म्युनिकजवळ दाखाऊची छळछावणी सुरू झाली. तिच्या धर्तीवर पुढे अनेक निघाल्या. या सगळ्या ठिकाणी माणसं उपासमारीने, साथींनी, कष्टाने, गोळीने मेली. पण राहायला जागा, कसलंसं जेवण, कसलंसं काम, एवढं तरी होतं.

ट्रेब्लिंकाची वंशावळ वेगळी आहे. ती दाखाऊकडे न जाता जर्मनीतल्या इस्पितळांकडे जाते. १९३९ च्या अखेरीपासून नाझी राजवटीने आपल्याच अपंग आणि मनोरुग्ण नागरिकांना मारण्याचा गुप्त कार्यक्रम हाती घेतला. ग्राफेनेक, ब्रांडेनबुर्ग, हार्टहाइम, झोनेनश्टाइन, बेर्नबुर्ग, हाडामार या सहा ठिकाणी न्हाणीघरासारख्या दिसणाऱ्या खोल्यांत विषारी वायू सोडून ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसं मारली. बोभाटा झाला, एका बिशपने प्रवचनात निषेध केला, आणि वायूचं काम थांबलं. मागे उरली ती त्यात तरबेज झालेली शंभरेक माणसं. डॉक्टर, पोलिस, प्रेतं जाळणारे, ड्रायव्हर, आचारी.

या रिकाम्या हातांना पोलंडमध्ये काम मिळालं. एसएस या नाझी दलाचा लुब्लिनमधला प्रमुख ओडिलो ग्लोबोचनिक याच्याकडे पोलंडमधल्या ज्यूंना संपवण्याची कामगिरी होती. प्रागमध्ये मारल्या गेलेल्या राइनहार्ड हायड्रिशच्या नावावरून पुढे तिला ‘राइनहार्ड मोहीम’ म्हणू लागले. तिच्यासाठी तीन जागा उभ्या राहिल्या. मार्च १९४२ मध्ये बेउझेत्स, मेमध्ये सोबिबोर, जुलैमध्ये ट्रेब्लिंका. तिन्ही रेल्वेलगत, आणि तिन्ही मोठ्या वस्तीपासून दूर. ट्रेब्लिंकाचा पहिला प्रमुख, डॉक्टर इर्मफ्रीड एबर्ल, ब्रांडेनबुर्ग आणि बेर्नबुर्ग इथे रुग्ण मारून आलेला होता. त्याच्यानंतरचा फ्रान्झ श्टांगल हार्टहाइमला होता. पुढे कैद्यांचा कर्दनकाळ ठरलेला कुर्ट फ्रान्झ मुळात त्या इस्पितळांतला आचारी.

जागा किती? सारी मिळून १७ हेक्टर, म्हणजे चाळीसेक एकर. कर्मचारी? तीसेक जर्मन आणि ऑस्ट्रियन, आणि त्राव्निकी गावात शिकवून तयार केलेले शंभराच्या आसपास पहारेकरी. हे बहुतेक रशियन सैन्यातून पकडलेले युद्धकैदी, त्यांत युक्रेनी जास्त. एवढ्या मनुष्यबळावर आपल्याकडचा साधा साखर कारखानाही चालायचा नाही. बाकीची सगळी कामं ज्यू कैद्यांकडून करून घेत. गाड्यांतून उतरणाऱ्या हजारांतून पाचपन्नास धडधाकट बाजूला काढायचे, त्यांना राबवायचं, थकले की मारायचं, पुढच्या गाडीतून नवे घ्यायचे.

२२ जुलै १९४२ ला सकाळी हेर्मान ह्योफले नावाचा एसएस अधिकारी वॉर्साच्या घेट्टोत ज्यू मंडळाच्या कचेरीत आला. हे नाव लक्षात ठेवायला हवं. घेट्टोच्या भिंतींआड तेव्हा चार लाखांच्या आसपास माणसं कोंडलेली होती. मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुफ, वयाने साठीचे, व्यवसायाने इंजिनिअर. ह्योफलेने त्यांना फर्मावलं की रोज ६,००० माणसं ‘पूर्वेकडे वस्तीसाठी’ पाठवायची, आणि कामात खोडा आला तर ओलीस म्हणून पहिली गोळी तुमच्या बायकोला. चेर्न्याकुफ रोज डायरी लिहीत. अनाथाश्रमांतली मुलं तरी वगळा, अशी त्यांनी विनवणी केली, ती मानली गेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कचेरीतच विष घेतलं. तोवर पहिली गाडी ट्रेब्लिंकाला पोचून रिकामी झाली होती.

याच घेट्टोत यानुश कोर्चाक हे डॉक्टर आणि मुलांचे लेखक आपला अनाथाश्रम चालवत. गाड्या सुरू होण्याच्या चार दिवस आधी, १८ जुलैला, त्यांनी मुलांकडून एक नाटक बसवून घेतलं. रवींद्रनाथांचं ‘डाकघर’. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघणारा आजारी अमल आपल्याकडे शाळाशाळांतून रंगमंचावर आलेला आहे. वॉर्साच्या त्या खोलीत पोलिश बोलणारा अमल कसा दिसला असेल, याची कल्पना करवत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफान्या विल्चिन्स्का आणि सुमारे २०० मुलं रांगेने चालत गाडीपर्यंत गेली. कोर्चाकना स्वतःला वाचवायची संधी अनेकांनी देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही.

सगळ्यांना असं ओढून न्यावं लागलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जुलैच्या अखेरीस घेट्टोत पत्रकं लागली. आपण होऊन येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो मुरंबा. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या घरांत तीन किलो पावाचा अर्थ काय होतो हे ज्याने ते पत्रक लिहिलं त्याला चांगलं माहीत होतं. हजारो कुटुंबं त्या पावासाठी गेली. मारायचंच असेल तर खायला कशाला घालतील, असंही त्यांना वाटलं, आणि हा तर्क मूर्खपणाचा नव्हता.

रेल्वेचं काय? रेल्वेने हे काम इतर कामांसारखंच केलं. जर्मन रेल्वेच्या दरपत्रकाप्रमाणे माणशी, दर किलोमीटरला तिसऱ्या वर्गाचं भाडं आकारलं जाई. १० वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, ४ वर्षांखालच्यांना मोफत, ४०० च्या वर माणसं असली की सवलत. जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी, सोबतच्या पहारेकऱ्यांचं मात्र परतीचं. पैसे एसएस भरत असे, आणि ते ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून. वाहतूक खात्याचा सचिव आल्बेर्ट गान्झेनम्युलर याने २८ जुलैला एसएसचा सर्वोच्च प्रमुख हिमलर याच्या कचेरीला लेखी कळवलं की २२ तारखेपासून रोज एक गाडी ५,००० ज्यूंना घेऊन वॉर्साहून माउकिन्यामार्गे ट्रेब्लिंकाला जाते आहे. पोच देताना हिमलरच्या अधिकाऱ्याने खास आनंद व्यक्त केला. ही दोन्ही पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत मरण हा शब्द कुठेच नाही. नागपूरहून मुंबईला संत्र्यांच्या वाघिणींचं वेळापत्रक कळवावं तसा सारा सूर. या गान्झेनम्युलरवर १९७३ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि खटला थांबला तो कायमचा.

डॉक्टर एबर्लला मात्र हे झेपलं नाही. त्याला आकड्यांची हाव होती. झेपतील त्याहून जास्त गाड्या त्याने मागवल्या. पाच आठवड्यांत तीन लाखांच्या आसपास माणसं आली. वायूच्या खोल्या तेव्हा तीनच, त्यांना धूर पुरवणारं इंजिन मधेच बंद पडे, खड्डे खणायला वेळ पुरेना. गाड्या वाटेतल्या स्टेशनांवर तासन्‌तास उभ्या. ऑगस्टच्या उन्हात बंद वाघिणींत पाण्यावाचून माणसं उभ्याउभ्या मेली. फलाटाशेजारी प्रेतांचे ढीग आणि कपड्यांचे ढीग, नव्याने उतरणाऱ्यांना पाऊल ठेवताच सगळं समजे. वरून ग्लोबोचनिक आणि तिन्ही छावण्यांचा निरीक्षक क्रिस्टियान विर्ट येऊन बघून गेले. त्यांना खटकली ती अव्यवस्था, आणि बर्लिनला जाण्याऐवजी वाटेत गडप होणारे पैसे आणि दागिने. एबर्लची हकालपट्टी झाली, आठवडाभर गाड्या थांबल्या आणि सोबिबोरहून श्टांगलला आणलं गेलं.

श्टांगल मूळचा विणकर, मग पोलिस. नीटनेटका, पांढरा घोडेस्वारीचा पोशाख करून फिरणारा. त्याने जागेला शिस्त लावली. नवी विटांची इमारत उभी राहिली, तिच्यात दहा खोल्या. काटेरी तारांच्या कुंपणांत पाइनच्या फांद्या विणल्या जात, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागातलं काही दिसू नये. फांद्या वाळल्या की नव्या आणायला कैद्यांची एक वेगळी टोळीच होती, ती रोज पहाऱ्यात रानात जाई. कपडे काढण्याच्या आवारापासून वायूच्या खोल्यांपर्यंत अशाच विणलेल्या भिंतींमधून एक अरुंद वाट जाई. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना रेड क्रॉसचं निशाण लावलेल्या ‘दवाखान्या’त नेत, तिथे खड्ड्याच्या काठावर बसवून मागून गोळी घालत. १९४२ च्या नाताळाच्या सुमारास साइडिंगवर खोटं स्टेशनच उभारलं. तिकिटाच्या खिडक्या, दिशा दाखवणाऱ्या पाट्या, आणि भिंतीवर रंगवलेलं घड्याळ, ज्याचे काटे कायम सहावर. कैद्यांतल्या आर्टुर गोल्डला, जो वॉर्सातला नावाजलेला संगीतकार होता, वाद्यवृंद बसवायला सांगितलं.

याचा उपयोग काय, असा प्रश्न पडतो. एवढं नाटक कशाला? कारण उघड आहे. तीस जर्मनांना पाच हजार माणसं सामोरी येत होती. त्यांना दोन तास खरं कळू द्यायचं नाही, कळलंच तर विचार करायला उसंत द्यायची नाही, एवढ्यावर सारा डोलारा उभा होता. घाई, आरडाओरडा, चाबूक आणि ते रंगवलेलं घड्याळ ही त्या तीस जणांची संरक्षणव्यवस्था होती.

बाहेरच्या जगाला मात्र फसवणं शक्य नव्हतं. वीसेक किलोमीटरवर ऑस्त्रुफमध्ये जर्मन फौजेचं ठाणं होतं. २४ ऑक्टोबर १९४२ ला तिथल्या कमांडंटने वर तक्रार नोंदवली की ट्रेब्लिंकातले ज्यू नीट पुरले जात नाहीत, त्यामुळे हवेत असह्य दुर्गंधी आहे. फौजेच्या दप्तरातली ही नोंद वाचताना युद्धानंतरचं ‘आम्हाला काही ठाऊक नव्हतं’ हे पालुपद आठवतं.

घेट्टोतल्या लोकांनीही शोध घेतला. गाड्या कुठे जातात ते काढायला ‘बुंद’ या ज्यू समाजवादी पक्षाने झाल्मन फ्रीडरिखला पाठवलं. रेल्वे कामगारांकडून त्याला कळलं की गाड्या भरून जातात आणि रिकाम्या येतात, आणि तिकडे खाण्यापिण्याचं सामान म्हणून कधी काही जात नाही. पुढे त्याला ट्रेब्लिंकातून निसटलेला एक जखमी माणूसच भेटला. असाच निसटून वॉर्साला परतलेला आब्राम क्शेपित्स्की. इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम यांनी घेट्टोत गुप्त दफ्तरखाना चालवला होता. त्याच्यासाठी राखेल आउअरबाख या लेखिकेने क्शेपित्स्कीला बसवून त्याची हकिकत शब्दशः उतरवून घेतली. हे १९४२-४३ च्या हिवाळ्यातलं, म्हणजे ट्रेब्लिंका जोरात चालू असतानाचं. दफ्तरखान्याचे कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत घालून तळघरांत पुरले. युद्धानंतर १९४६ मध्ये पेट्या सापडल्या, १९५० मध्ये विटांच्या ढिगाऱ्याखालून दोन किटल्या निघाल्या, आणि क्शेपित्स्कीची साक्ष त्यांत होती. तो स्वतः १९४३ च्या घेट्टोच्या उठावात मारला गेला. रिंगेलब्लुमना १९४४ मध्ये कुटुंबासह गोळ्या घातल्या.

१९४३ च्या सुरुवातीपासून हिमलरच्या हुकमाने उलटा प्रवास सुरू झाला. पुरलेली प्रेतं यंत्रांनी उकरून रेल्वेच्या रुळांच्या जाळीवर रचायची आणि जाळायची. रशियात जर्मन फौज मागे हटू लागली होती. एप्रिलमध्ये जर्मनांनी स्वतःच रशियनांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कातिनच्या कबरी जगाला दाखवल्या, आणि उकरलेली कबर काय बोलते हे त्यांना पुरतं उमगलेलं होतं. ट्रेब्लिंकातले कैदी रात्रंदिवस जाळत राहिले. प्रेतं संपत आली की साक्षीदार म्हणून आपली पाळी, हे त्यांना कळत होतं.

उठावाची जुळवाजुळव आधीच चालू होती. तिचा एक सूत्रधार डॉक्टर यूलियान होरोंझित्स्की. हत्यारं विकत घेण्यासाठी जमवलेले पैसे एप्रिलमध्ये कुर्ट फ्रान्झला त्याच्याकडे सापडले. तो फ्रान्झच्या अंगावर धावून गेला आणि विष घेऊन मेला. त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. छावणीचे दोन भाग एकमेकांपासून तोडलेले होते. प्रेतांच्या कामावरच्या कैद्यांना इकडच्यांशी बोलायला बंदी. यांकिएल वियेर्निक हा सुतार मात्र दोन्हीकडे लागायचा, कारण जर्मनांना सारखं काही ना काही बांधून हवं असे. निरोपांची ने-आण त्याच्यामार्फत झाली. शस्त्रागाराच्या किल्लीचा जोड कैद्यांतल्याच कुलुपं दुरुस्त करणाऱ्याने केला.

२ ऑगस्ट १९४३, सोमवार. उकाडा मी म्हणत होता, आणि कुर्ट फ्रान्झ काही साथीदारांना घेऊन बुग नदीवर पोहायला गेला होता. दुपारी शस्त्रागारातून बॉम्ब आणि बंदुका हळूहळू बाहेर निघाल्या. बराकींवर जंतुनाशक फवारणाऱ्या कैद्याने त्या दिवशी पेट्रोल फवारलं. ठरलेली वेळ साडेचारची. पण त्याआधीच एका एसएस अधिकाऱ्याला संशय आला, त्याने एका पोराला पकडलं, आणि गोळी झाडण्यावाचून इलाज उरला नाही. सगळी हत्यारं वाटून व्हायच्या आतच लढाई सुरू झाली. लाकडी बराकी पेटल्या. विटांच्या वायूच्या खोल्या पेटल्या नाहीत. साडेआठशेच्या आसपास कैद्यांपैकी अनेक कुंपणावरच पडले. सुमारे दोनशे रानात पोचले, त्यांतले बरेच पुढच्या काही दिवसांत पकडले गेले, काहींना गावकऱ्यांनी धरून दिलं, काहींना गावकऱ्यांनीच लपवलं. वियेर्निक वॉर्साला पोचला आणि १९४४ मध्येच, जर्मन अजून शहरात असताना, त्याची हकिकत भूमिगत छापखान्यातून पुस्तिका होऊन बाहेर पडली. सुटलेल्यांतला शेवटचा, साम्युएल विलेनबेर्ग, फेब्रुवारी २०१६ मध्ये इस्रायलमध्ये वारला.

उठावानंतरही बिआविस्तोकहून गाड्या आल्या, म्हणजे खोल्या अजून वापरल्या गेल्या. मग ऑगस्ट संपता संपता सगळं मोडायला काढलं. नोव्हेंबरपर्यंत इमारती गेल्या, मोडतोड करणाऱ्या शेवटच्या कैद्यांना गोळ्या घातल्या, जमीन नांगरून ल्युपिन पेरलं. वायूच्या खोल्यांच्या विटांतून एक शेतघर बांधलं आणि एका पहारेकऱ्याला कुटुंबासह तिथे बसवलं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, आम्ही इथे कधीपासून शेती करतो. १९४४ च्या उन्हाळ्यात रशियन फौज आली तेव्हा ते घरही जळालेलं होतं. सप्टेंबरमध्ये वासिली ग्रोसमान हा लेखक-वार्ताहर तिथे पोचला. त्याने गावकऱ्यांना, पकडलेल्या पहारेकऱ्यांना आणि वाचलेल्यांना गाठून लिहिलेला लेख नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या ‘झ्नाम्या’ मासिकात आला. त्याने मृतांचा आकडा तीस लाखांपर्यंत फुगवला, हे खरं. पण छावणीची रचना आणि कामाची रीत त्याने नेमकी पकडली होती. आउअरबाख १९४५ च्या नोव्हेंबरात चौकशी समितीबरोबर तिथे गेल्या, तेव्हा आसपासचे लोक सोन्याच्या आशेने ती जमीन खणून काढत होते. खड्ड्यांतून राखेबरोबर हाडं वर आलेली. हा भाग पोलंडमध्ये आजही पुष्कळांना ऐकवत नाही.

न्याय झाला तो असा. एबर्लने १९४८ मध्ये कोठडीत गळफास घेतला. विर्टला १९४४ मध्ये त्रिएस्तजवळ बंडखोरांनी टिपलं, ग्लोबोचनिकने पकडला जाताच विष घेतलं. कुर्ट फ्रान्झला १९६५ मध्ये ड्युसेलडोर्फच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. श्टांगल रोममधून एका बिशपच्या मदतीने सीरियाला आणि तिथून ब्राझीलला गेला, आणि साव पावलोच्या फोक्सवागन कारखान्यात, स्वतःच्या खऱ्या नावाने, नोकरी करत राहिला. १९६७ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या खटल्यात झोंबेत्स्की साक्षीला उभा राहिला. १९४४ मध्ये जर्मन पळाले तेव्हा स्टेशनातल्या काही बिल्ट्या त्याने लांबवून ठेवल्या होत्या, त्या त्याने न्यायालयापुढे ठेवल्या. त्याच्या स्वतःच्या टिपणांप्रमाणे आकडा १२ लाख होता. श्टांगलला डिसेंबर १९७० मध्ये जन्मठेप झाली आणि सहा महिन्यांनी तो तुरुंगात हृदय बंद पडून मेला. त्याच्या आदल्याच दिवशी गिट्टा सेरेनी या पत्रकार बाईंशी त्याची अखेरची मुलाखत झाली होती.

साक्षीदारांच्या स्मरणाला मर्यादा असते, हेही ट्रेब्लिंकानेच दाखवून दिलं. अमेरिकेत मोटार कारखान्यात काम करणाऱ्या जॉन डेम्यान्युकला वाचलेल्या काही जणांनी वायूचं इंजिन चालवणारा ‘इव्हान’ म्हणून ओळखलं, १९८८ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, आणि १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. रशियन दप्तरांतून दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं होतं. पुढे म्युनिकमध्ये तो सोबिबोरचा पहारेकरी म्हणून दोषी ठरला. तीस-चाळीस वर्षं रोज रात्री तोच चेहरा बघणारी माणसं खोटं बोलत नव्हती. पण न्यायालयाला चेहऱ्यापेक्षा कागद लागतो.

आणि सगळ्यांत नेमका कागद नाझींनीच लिहिला होता. ११ जानेवारी १९४३ ला लुब्लिनहून क्राकुफला एक बिनतारी संदेश गेला. पाठवणारा तोच हेर्मान ह्योफले, ज्याने सहा महिन्यांपूर्वी चेर्न्याकुफना हुकूम दिला होता. संदेशात ‘राइनहार्ड’चा पंधरवड्याचा आणि १९४२ अखेरपर्यंतचा हिशेब होता. नावं नाहीत, नुसती आद्याक्षरं. इंग्रजांनी तो संदेश हवेतच पकडला, ब्लेचली पार्कमध्ये उलगडला, आणि इतर हजारो संदेशांबरोबर फायलीत लावून टाकला. तो कशाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्योफलेने १९६२ मध्ये व्हिएन्नाच्या तुरुंगात आत्महत्या केली, तेव्हाही हा कागद कुणाला ठाऊक नव्हता. तो उजेडात आला २००० साली.

लुब्लिन २४,७३३. बेउझेत्स ४,३४,५०८. सोबिबोर १,०१,३७०. ट्रेब्लिंकापुढे ७१,३५५. आणि एकूण १२,७४,१६६. बेरीज जुळत नाही. ट्रेब्लिंकाच्या आकड्यात शेवटचा एक ५ सुटला आहे असं धरलं, म्हणजे तो ७,१३,५५५ धरला, की बेरीज एककापर्यंत बरोबर बसते. हाच एकूण आकडा हिमलरचा संख्याशास्त्रज्ञ रिशार्ड कोरहेर याच्या १९४३ च्या अहवालातही आहे, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. संदेश लिहून घेताना कुणाकडून तरी एक अंक गळला होता.

१९४३ मधल्या गाड्या या बेरजेत नाहीत. जानेवारीत वॉर्साच्या घेट्टोतून पुन्हा आलेल्या, मार्चमध्ये बल्गेरियाच्या ताब्यातल्या मॅसिडोनिया आणि थ्रेसमधून आलेल्या, ऑगस्टमध्ये बिआविस्तोकहून आलेल्या. त्या धरून आजचे इतिहासकार ट्रेब्लिंकाचा आकडा आठ लाख ते सव्वानऊ लाख यांच्यामध्ये कुठेतरी ठेवतात. त्या सव्वा लाखाच्या फरकावर अजून काम चालू आहे.